सातनंबरवाल्यांची वही

अहो वहिनी, तुम्ही नेमक्या परवा कोजागिरीलाच माहेरी गेलात! काय चुकवलंत म्हणून सांगू. नाही हो, दुधाचं सोडा. दूध दरवर्षीचंच, चारोळी भरपूर आणि केशर नावाला. मी म्हणतेय ते सातनंबरवाल्या काका-काकूंच्या गच्चीवर जे झालं त्याबद्दल. ऐकलंत का कुणाकडून? नाही ना? मग या अशा जवळ, भिंतीपाशी. कुकरच्या शिट्ट्या भाऊजी मोजतील.

गेल्या कोजागिरीला काकांनी पेला खाली ठेवून जाहीर केलं होतं, आठवतंय ना? "आता वर्षभर आम्ही फिरणार." तेव्हा आपण सगळ्या हसलो होतो. पोवई नाक्यापर्यंत जायचं तरी ज्या माणसाला रिक्षा लागते, तो म्हणे भारत बघणार! दिवाळी झाली, वरचा मजला त्या बँकेतल्या दोन मुलींना भाड्यानं दिला आणि गेले की हो खरंच. मग काय, कोपऱ्यावरच्या वहिनींना मंडईत विषयच मिळाला. आधी म्हणे घर विकायला काढलंय. मग म्हणे मुलाशी पटत नाही. मग तर दिवाळंच काढलं त्यांचं. परवा त्याच वहिनी पहिल्या रांगेत खुर्ची ओढून बसल्या होत्या, आणि काकूंनी हसून त्यांना पहिला पेला दिला. त्यात साखर जरा जास्तच होती असं मला वाटतं, पण जाऊ दे.

तर काय सांगत होते… हां. काकांनी टीव्ही गच्चीवर आणला होता. लांबलचक वायर, पेन ड्राइव्ह, हातात ती लाल उजेड पाडणारी काडी. "मी हिला कुठं कुठं नेलं ते बघा," अशी सुरुवात केली त्यांनी. मी… नेलं. काकूंनी काही म्हटलं नाही. उठल्या, आत गेल्या आणि एक लांबडी वही घेऊन आल्या, किराणा दुकानात असते ना तसली. मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "तुम्ही सांगा, मी नुसता ताळा जुळवते." बाई गं! काकांची काडी तिथंच थरथरली.

त्या वहीत डाव्या पानावर खर्च आणि उजव्या पानावर भांडणं! तारीख, गाव, कशावरून झालं, आधी कोण बोललं. खोटं नाही सांगत, मी मान वाकडी करून वाचलंय.

पहिली नोंद कुठली असेल? आपल्या साताऱ्याच्या एसटी स्टँडवरची. स्वारगेटची गाडी. काकूंना अर्धं तिकीट, कारण 2023 च्या मार्चपासून बायकांना एसटीत अर्धंच आहे. काका तेव्हा चौसष्टचे, आणि पुरुषांना अर्धं पासष्ट पूर्ण झाल्यावर. कंडक्टरनं विचारलं, "आजोबा, आधार कार्ड?" यांनी मोठ्या ऐटीत काढून दिलं, त्यानं बघितलं आणि पूर्ण तिकीट फाडलं. वर आजोबाही म्हणाला! खेड-शिवापूर येईपर्यंत गाल फुगवून बसले होते म्हणे. रेल्वेतही तेच. पूर्वी साठीच्या पुढं पुरुषांना चाळीस टक्के आणि अठ्ठावन्नच्या पुढं बायकांना पन्नास टक्के सवलत होती. ती 2020 च्या मार्चमध्ये बंद झाली ती झालीच. काकूंनी तेही मांडून ठेवलंय, सवलत असती तर किती वाचले असते. तो आकडा त्यांनी वाचला तेव्हा पतसंस्थेतले भाऊजी इतका वेळ पेंगत होते ते खाडकन जागे झाले.

मग नर्मदा परिक्रमा. चालत नाही हो, बसची. पण बसची असली तरी नेम तेच. कार्तिकी एकादशी झाली की ओंकारेश्वरला संकल्प सोडायचा, नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि परिक्रमा पुरी होईस्तोवर मध्ये कुठं पात्र ओलांडायचं नाही. आता गंमत बघा. ओंकारेश्वराचं देऊळ आहे बेटावर, मांधाता म्हणतात त्याला. म्हणजे तिथं जायचं तर नर्मदा ओलांडावी लागणार. म्हणून परिक्रमावासी अलीकडं ममलेश्वराचं दर्शन घेतात आणि ओंकारेश्वराला जातात ते सगळं आटोपल्यावर. हे सगळं आदल्या रात्री समजावून सांगितलेलं. आणि सकाळी संकल्प सोडून अर्धा तास होतोय न होतोय तोच काका निघाले पुलाकडं. कशाला? फोटो चांगला येतो म्हणून! काकूंनी मागनं धावत जाऊन स्वेटर धरला. बसमधली अख्खी मंडळी "अहो थांबा, अहो थांबा" ओरडतायत आणि हे आपले मोबाइल वर धरून चाललेत. एक पाऊल पडलं असतं तर पहिल्याच दिवशी परिक्रमा खंडित. वहीत लिहिलंय, "ओंकारेश्वर. पूल. चूक यांची. स्वेटर उसवला, माझ्या हातचा."

काका म्हणाले, "मी नुसता बघत होतो." सगळी गच्ची हसली हो.

पण एक सांगते, परिक्रमेचं बोलताना काकूंचा आवाज जरा निराळा झाला. वाटेत कुठंही जा, माणसं "नर्मदे हर" म्हणून हात जोडतात, चहाला बोलावतात, आणि चालणाऱ्यांना तर पीठमीठ, शिधा सगळं देतात, तेही घरात चार भांडी असलेली माणसं. एवढं बोलल्या आणि गप्पच झाल्या. मग कोपऱ्यावरच्या वहिनींनी मध्येच विचारलं, "महेश्वरला साडी घेतली असेल ना?" घेतली! दाखवलीसुद्धा. दोन्ही बाजूंनी नेसता येते अशा काठाची, अंजिरी. किंमत सांगितली नाही, पण मी डावं पान बघितलं होतं. नंतर सांगीन, इथं नको, तुमच्या सासूबाई खिडकीत आहेत.

गुजरात भराभर उरकलं त्यांनी. सोमनाथ, द्वारका. बेट द्वारकेला पूर्वी ओख्याहून बोटीनं जावं लागायचं, आता 2024 पासून तो नवा सुदर्शन सेतू झालाय, गाडी थेट जाते. काकांना बोटीतच बसायचं होतं, काकूंना बोट लागते. भांडणाच्या पानावर फक्त एक ओळ, "पूल. मी जिंकले."

आता खरी गोष्ट ऐका. मेघालय!

तिथं झाडांच्या मुळांचे पूल आहेत ना, जिवंत. नॉन्गरिआट म्हणून गाव आहे, तिथं तर दुमजली पूल आहे. रबराच्या जातीचं झाड ओढ्याच्या काठी लावायचं, त्याची मुळं सुपारीच्या पोकळ खोडातनं पलीकडच्या काठापर्यंत न्यायची आणि वाट बघत बसायची. पंधरा-वीस वर्षं लागतात म्हणे माणसाचं वजन पेलायला. म्हणजे लावणारा लेका-नातवंडांसाठीच लावतो. पण तिथं पोचायला टिर्नाहून तीन हजारांच्या वर पायऱ्या. आधी उतरायच्या, मग परत चढायच्या. काका काय म्हणाले असतील? "अजिंक्यताऱ्यावर रोज जायचो मी." हो, जायचे. एकोणीसशे ऐंशी साली!

निम्म्या वाटेवर गुडघ्यांनी दगा दिला. एका चहाच्या टपरीवर बसले आणि काकूंना म्हणाले, "तू जाऊन ये, मी इथनं निसर्ग बघतो." काकू गेल्या की हो. एकट्या, काठी घेऊन, पुण्याच्या कॉलेजातली पोरं होती त्यांच्याबरोबर. तो पुलावरचा फोटो बघाल तुम्ही, ओचा खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट आणि चेहरा असा काही… मी तीस वर्षं ओळखते त्यांना, असा चेहरा नव्हता बघितला.

आणि इकडं काकांचं काय झालं माहितीये? टपरीवाल्या बाईनं आदरानं पानसुपारी पुढं केली. क्वाय म्हणतात तिकडं. आता आपले काका म्हणजे सुपारीचे मोठे जाणकार, अडकित्ता खिशात घेऊन झोपणारे. ती सुपारी असते ओली आणि जहाल, पानाला चुना. सवय नसली तर कान तापतात, घाम फुटतो. यांनी एक खाल्ली, भिडेखातर दुसरी खाल्ली. काकू वर आल्या तेव्हा हे बनियनवर बसलेले, लालबुंद, आणि टपरीवाली पुठ्ठ्यानं वारा घालतेय! काकांनी हा प्रसंग स्लाइडमधनं गाळला होता. वहीत होता.

पण गच्चीवरचे पुरुष गोरेमोरे झाले ते त्याच्या पुढच्या गोष्टीनं. खासी लोकांत घर आईकडून मुलीला जातं. त्यातही धाकट्या मुलीला. आडनाव आईचं लागतं, आणि लग्न झालं की जावई बऱ्याचदा बायकोच्या घरी नांदायला येतो. काकू ज्या बाईंकडं उतरल्या होत्या त्यांचं घर त्यांच्या आईचं, तिच्या आईचं… काकू अगदी रंगवून सांगत होत्या. आमचे हे म्हणाले, "पण मग पुरुषांचं काय?" काकू म्हणाल्या, "हेच मीपण विचारायची, बायकांचं काय म्हणून. तेव्हा इकडं कुणाला उत्तर सुचायचं नाही." अहो शांतता! कुणाचा तरी चमचा पडला तेवढाच आवाज. पतसंस्थेतल्या भाऊजींनी दूध न पिताच पेला ठेवला. त्यांना तीन बहिणी, आणि वडिलांच्या जागेचं काय चाललंय ते तुम्हाला माहितीच आहे. मी काही बोलत नाही.

कुठं होते मी? हां, गाडी. ती विवेक एक्स्प्रेस, दिब्रुगडहून कन्याकुमारीला जाणारी. चार हजार किलोमीटरच्या वर, आपल्या देशातली सगळ्यात लांब पल्ल्याची. हे गुवाहाटीला चढले. काकूंनी शिलाँगच्या त्या बाईंच्या स्वयंपाकघरात उभं राहून दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी तर साताऱ्याहूनच नेलेली. सगळं छान. आणि समोरच्या बर्थवर एक बंगाली गृहस्थ. त्यांनी कौतुकानं विचारलं, तर काका इंग्रजीत म्हणाले, "आय ॲम शोइंग हर इंडिया."

झालं!

काकू बोलायच्या बंद. बंगाल गेला, ओडिशा गेला, विशाखापट्टणम गेलं, तोंडातनं शब्द नाही. दशमी पुढं करायच्या, पण बघायच्या खिडकीबाहेर. का म्हणून विचारता? अहो, पैसे कुणाचे होते! इथंच तर सगळं बाहेर आलं. आपण समजत होतो काकांच्या ग्रॅच्युइटीवर चाललंय. काकाही तसंच सांगत होते, कट्ट्यावर "रिटायरमेंट प्लॅनिंग" म्हणून लेक्चर द्यायचे. प्रत्यक्षात काय, तर काकूंची भिशी, पोस्टातली आरडी, बालवाडीच्या पगारातनं बाजूला टाकलेले, आणि वरच्या मजल्याचं भाडं. कल्पनाही त्यांचीच. ते कोचीचं चहाचं दुकान चालवणारं जोडपं नव्हतं का, विजयन आणि मोहना? रोजच्या गल्ल्यातले थोडे थोडे साठवून, कमी पडले तर कर्ज काढून पंचवीसच्या वर देश बघितले त्यांनी. 2021 साली विजयन वारले, रशिया बघून आल्यावर. ती बातमी काकूंनी कापून देव्हाऱ्याच्या खणात ठेवली होती. आणि काकांना ती दाखवायला धीर व्हायला दोन वर्षं लागली म्हणे. ते "वेडी आहेस का" म्हणतील म्हणून.

"म्हणाले का मग?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"म्हणाले," काकू म्हणाल्या. "आणि आठ दिवसांनी नकाशा घेऊन आले."

तर विजयवाड्याला गाडी थांबली, काका उतरले. गाडी हलायला लागली तरी पत्ता नाही, काकूंच्या जिवाचं पाणी. मग हे दुसऱ्याच डब्यातनं चालत आले, हातात इडलीचं पुडकं, घामाघूम. आणि त्या बंगाली गृहस्थांसमोर म्हणाले, "शी इज शोइंग मी." वहीत त्या तारखेला उजवं पान कोरं आहे, मी बघितलं.

पण गच्चीवर मात्र सुरुवात "मी हिला नेलं" अशीच केली ना! पुरुष विसरतात हो लवकर.

कन्याकुमारीला विवेकानंद शिला बघितली. ती आपल्या एकनाथ रानड्यांनी देशभर वर्गणी गोळा करून 1970 साली उभी केली, हे सांगताना काकांची छाती फुगली होती. आणि मग तंजावर. तिथं मात्र मला काका फार आवडले बाई. बृहदीश्वराचं एवढं हजार वर्षांचं चोळांचं देऊळ, आणि त्याच्या भिंतीवर भोसल्यांचा अख्खा इतिहास मराठीत कोरलेला, सरफोजीराजांनी 1803 साली कोरवून घेतलेला. काका एकेक ओळ बोट न लावता वाचत निघाले, मोठ्यानं. ऊन डोक्यावर. तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ जवळ आले आणि मराठीत बोलायला लागले! तिकडची मराठी, हेल वेगळा, शब्द कुठले कुठले जुने, पण मराठी. हे साताऱ्याचे म्हटल्यावर त्यांनी हात धरला तो सोडेचनात. काका म्हणाले, "आमची गादी इंग्रजांनी 1848 ला खालसा केली." ते म्हणाले, "आमची 1855 ला." आणि दोघं असे उभे राहिले जणू कालच तार आलीय. काकू सांगत होत्या, यांच्या डोळ्यात पाणी होतं. काका म्हणाले, ऊन लागत होतं.

लडाखचं सांगत नाही फार. लेहला विमानानं उतरलात की दोन दिवस नुसतं पडून राहायचं असतं, साडेअकरा हजार फुटांवर आहे ते. काका पहिल्याच संध्याकाळी बाजारात. रात्री ओकाऱ्या, मग ऑक्सिजन. वहीत तीन ओळी आहेत, सगळ्या लाल शाईनं. पण नंतर खारदुंग ला खिंडीत गेलेच, आणि तो पिवळ्या पाटीखालचा फोटो टीव्हीवर आला. काका उभे राहिले, "18,380 फूट! जगातला सगळ्यात उंच गाडीरस्ता!" तर मागनं मास्तरीणबाईंचा भाचा, तो बुलेटवाला, शांतपणे म्हणतो, "काका, ती पाटी जुनी आहे. मोजलं तर साडेसतरा हजारांच्या आसपासच भरतं. आणि उमलिंग ला आहे ना, 19,024 फूट." काकांचा चेहरा असा पडला ना… मला वाईट वाटलं. काकूंनी लगेच वही मिटली. म्हणाल्या, "श्वास लागला तो पाटी बघून नाही लागला, खरोखरच लागला होता." भाचा वरमला. बघा हं, एरवी वर्षभराची भांडणं चव्हाट्यावर मांडत होत्या, पण दुसऱ्यानं एक टोचलं तर चालेना.

आता मेन गोष्ट. सूनबाई आल्या होत्या पुण्याहून, आणि विहीणबाईसुद्धा! वर्षभर नातवाला त्या विहीणबाईंनी सांभाळलंय, तो राग होताच. दूध संपत आलं तशा म्हणाल्या, "आमच्या नशिबात कुठलं एवढं फिरणं, आम्हाला जबाबदाऱ्या." अगदी गोड आवाजात. सगळ्यांनी माना खाली घातल्या. सूनबाईंनी आईकडं डोळे मोठे केले. मला वाटलं, आता उडणार भडका. काकू काय म्हणाल्या असतील? म्हणाल्या, "खरंय तुमचं. तुम्ही नसता तर मला जमलं नसतं. म्हणून पुढच्या फेरीला तुमचं नाव मी पहिलं घातलंय. नातवाला आजोबा बघतील." आजोबा! काकांच्या हातातली काडी खालीच पडली हो. आणि विहीणबाई… त्यांना रागावता येईना आणि हसता येईना. शेवटी म्हणाल्या, "माझे गुडघे दुखतात." काकू म्हणाल्या, "टपरी आहे निम्म्या वाटेवर. फक्त सुपारी खाऊ नका."

जाता जाता कोपऱ्यावरच्या वहिनींनी विचारायचं ते विचारलंच, "एकूण किती खर्च आला हो?" काकूंनी डावी पानं उलटली, बेरजेवर बोट ठेवलं. "तुमच्या मुलाच्या लग्नात फेटे, बँड आणि त्या ड्रोनला मिळून गेले ना, त्याहून कमी." मग काय, वहिनी जिना उतरल्यासुद्धा, डबा विसरून. डबा माझ्याकडंच आहे, मी काही नेऊन देणार नाही.

तर आता कामाचं ऐका, शिट्टी झाली तुमची. फेब्रुवारीत मेघालय ठरलंय, फक्त बायका. विहीणबाई, मास्तरीणबाई, मी, आणि आमच्या ह्यांना मी अजून सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. रेल्वेचं रिझर्व्हेशन पूर्वी एकशेवीस दिवस आधी उघडायचं, आता साठच दिवस आधी उघडतं, आणि खालचे बर्थ पहिल्या पाच मिनिटांत जातात. काकूंनी वहीत नवं पान काढलंय, तुमच्या नावापुढं प्रश्नचिन्ह आहे. आधार कार्डाची झेरॉक्स उद्या दुपारपर्यंत माझ्याकडं द्या, आणि कोपऱ्यावरच्या वहिनींनी विचारलं तर म्हणा, गाडी फुल झाली.